‘माझा फोन टॅप होतो!’ : आरोप नेत्यांचा, भोग कार्यकर्त्यांचा

मागच्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक जाहीर सभा झाली. नेते मोठे, नाव सांगण्याचे कारण नाही. भाषण रंगात आले तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला, हात उंच करून सभेला दाखवला आणि गरजले, “हा फोनसुद्धा सरकार ऐकतंय! आत्ता, या क्षणाला ऐकतंय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आम्ही व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत होतो. सभा आटोपल्यावर चहा घेताना वकिली सवयीने विचारले, “साहेब, आधार काय? म्हणजे रीतसर तक्रार करता येईल.” साहेब हसले. “अहो वकीलसाहेब, बोलताना मध्येच खरखर येते. आणि सरकार आमचा फोन ऐकणार नाही तर कोणाचा ऐकणार?”

या शेवटच्या वाक्यात सगळे आले. गाडीवरचा लाल दिवा २०१७ मध्ये गेला, अंगरक्षक सर्वांना मिळत नाही, तेव्हा टॅप झालेला फोन हीच आता मोठेपणाची खूण झाली आहे. ज्याचा फोन सरकार ऐकत नाही तो कसला नेता?

गंमत अशी की त्याच सभेत तिसऱ्या रांगेत साध्या वेशातला एक हवालदार वहीत भाषण उतरवून घेत होता. गोपनीय शाखेचा. त्याला सगळे ओळखतात. आमच्याच कार्यकर्त्याने त्याला चहा नेऊन दिला, आणि सभेनंतर त्याने आम्हाला अदबीने विचारले, “साहेब, दुसऱ्या वक्त्यांचं आडनाव काय हो?” सरकारची खरीखुरी, पगारी, रोजची पाळत तिथे खुर्चीवर बसली होती. तिच्याबद्दल व्यासपीठावरून कोणी अवाक्षर काढले नाही. तो ज्यांच्याबद्दल लिहितो त्या पोरांचे पुढे काय होते, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. म्हणून हा लेख.

आमच्या वस्तीतला एक तरुण आहे. बी.कॉम. झालेला, आईबाप दोघे मजुरी करणारे. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, त्यात तो रस्त्यावर होता. दगड मारला नाही, काच फोडली नाही. त्याच्यावर एकही गुन्हा नोंदलेला नाही. पण तेव्हापासून दर वर्षी १ जानेवारी, १४ एप्रिल जवळ आले की त्याच्या घरी पोलीस नोटीस येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली यायची, कायदा बदलल्यापासून नव्या संहितेच्या कलम १६८ खाली येते. कलमाचा आकडा बदलला, दार वाजवणारा हात तोच. हा पोरगा दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात आला तो कावराबावरा होऊन. “जयभीम वकीलसाहेब. माझा फोन टॅप होतोय. आम्ही मोर्चाचं ठरवलं रात्री दहाला आणि सकाळी सातला पोलीस दारात. त्यांना वेळ, रस्ता, सगळं माहीत!” या पोराकडे पुन्हा येऊ. आधी मोठ्यांचे पाहू.

हा रोग एकट्या भारताचा नाही. ४ मार्च २०१७ रोजी, राष्ट्राध्यक्ष होऊन दीड महिना झालेला नसताना, डोनाल्ड ट्रम्प यांनी सकाळी सकाळी जगाला सांगितले की निवडणुकीच्या आधी बराक ओबामांनी आपल्या ट्रम्प टॉवरमधले फोन टॅप केले होते. पुरावा? काही नाही. अमेरिकेच्या सर्व गुप्तचर यंत्रणा ज्याच्या हाताखाली आहेत तो माणूस एखाद्या नाक्यावरच्या माणसासारखा ऐकीव आरोप करत होता. फाईल मागवायला त्याला एक फोन पुरला असता! १६ मार्चला सिनेटच्या गुप्तचर समितीच्या दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनी सांगितले की असे काही झाल्याचे चिन्ह नाही. २० मार्चला एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर सांगितले की या आरोपाला आधार देणारी कोणतीही माहिती आपल्याकडे नाही. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांच्याच न्याय खात्याने न्यायालयात लिहून दिले की अशा टॅपिंगची कसलीही नोंद सापडत नाही. आरोप करणाऱ्याच्या खात्यानेच आरोप फेटाळला!

पण गोष्ट इथे संपत नाही. ट्रम्प यांच्या प्रचारात पूर्वी सल्लागार असलेल्या एका माणसावर एफबीआयने ऑक्टोबर २०१६ पासून न्यायालयाच्या गुप्त आदेशाने खरोखरच पाळत ठेवली होती. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या अर्जांची तपासणी केली तेव्हा त्यांत सतरा मोठ्या चुका आणि लपवाछपवी निघाली. एफबीआयच्या एका वकिलाने तर ई-मेलचा मजकूरच बदलला होता. त्याने २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. म्हणजे यंत्रणेचा दोष होता, गंभीर होता. पण तो ट्रम्प यांनी ओरडले तो नव्हता, आणि त्यांच्या ओरडण्यामुळे तो उघड झाला नाही. एका अधिकाऱ्याने कागद काढले, अर्ज आणि मूळ नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणून झाला. ट्रम्प मात्र ‘बघा, मी म्हणत होतो!’ म्हणायला मोकळे.

त्याच अमेरिकेत ज्यांच्यावर खरी पाळत होती त्यांच्याकडे पाहावे. ऑगस्ट १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनचा मोर्चा गाजवला आणि ऑक्टोबरमध्ये महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी त्यांचे फोन टॅप करण्यास मंजुरी दिली. त्यांच्या हॉटेलच्या खोल्यांत ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावली गेली. नोव्हेंबर १९६४ मध्ये एफबीआयने त्यांना एक निनावी पत्र धाडले; किंग यांनी स्वतःचा शेवट करून घ्यावा असा त्याचा रोख होता. ब्लॅक पँथर पक्षावर तर याहून भयंकर प्रयोग झाले. शिकागोचा फ्रेड हॅम्प्टन हा अवघा एकवीस वर्षांचा नेता ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीने बिछान्यात मारला गेला. त्याच्या घराचा नकाशा पक्षात पेरलेल्या खबऱ्याने दिला होता. ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते हे लोक. हे सगळे सिद्ध कसे झाले? मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या लहानशा गावी काही सामान्य नागरिकांनी एफबीआयच्या कार्यालयातून फायली पळवून वर्तमानपत्रांना पाठवल्या. मग १९७५ मध्ये सिनेटची चर्च समिती बसली, अहवाल आले, १९७८ मध्ये पाळतीवर न्यायालयाची परवानगी लागणारा कायदा झाला. वकील म्हणून चोरीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण कागद बाहेर आले म्हणून कायदा झाला, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घरात या. ऑगस्ट १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. तिथे निदान आदेश होते, कागद होते. तीन वर्षांनी दिल्लीत काय झाले? २ मार्च १९९१ रोजी राजीव गांधींच्या १० जनपथ या निवासाजवळ हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई सापडले. काँग्रेसने पाळतीचा आरोप केला, लोकसभेवर बहिष्कार टाकला, आणि ६ मार्चला पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. आम्ही तेव्हा शाळेत होतो; घरी रेडिओवर बातमी ऐकून वडील म्हणाले होते, “दोन हवालदारांनी सरकार पाडलं!” ते हवालदार नेमके कोणाच्या हुकमाने उभे होते हे जनतेपुढे न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही. सिद्ध व्हावे अशी गरजही कोणाला उरली नाही. आरोपाचे काम झाले होते. आमच्या वस्तीच्या तोंडाशी दर डिसेंबरात चार हवालदार उभे असतात, त्याने ग्रामपंचायतसुद्धा पडत नाही.

त्याच मार्च १९९१ मध्ये मात्र एक काम झाले, ज्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दल सीबीआयने केलेल्या चौकशीचा अहवाल ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकाने छापला. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. हा अहवाल आमच्या तरुण वकिलांनी मुळातून वाचावा. चार फोन असे सापडले की ते टॅप होत होते, पण परवानगीचा कागदच नाही. २७९ फोनांची परवानगीपत्रे होती, पण टेलिफोन निगमने दिलेल्या यादीत त्यांचा पत्ता नाही. १३३ प्रकरणांत मुदत संपल्यावरही ऐकणे चालू होते. १११ प्रकरणांत १८० दिवस उलटून गेले तरी शासनाची परवानगी घेतलेली नव्हती. मुदतीबाहेर का ऐकले असे विचारल्यावर निगमच्या अधिकाऱ्याने उत्तर दिले की संबंधितांच्या प्रतिनिधींच्या तोंडी विनंतीवरून, सद्भावनेने! गरिबाला साध्या उताऱ्यासाठी तीन अर्ज करावे लागतात. दुसऱ्याचे संभाषण ऐकायला तोंडी विनंती पुरते.

या आकड्यांच्या जोरावर १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांच्या खंडपीठाने निकाल दिला. टॅपिंगचा आदेश गृहसचिवानेच द्यावा, तो आठवड्याच्या आत पुनर्विलोकन समितीकडे जावा, दोन महिन्यांत संपावा, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये. पुढे २००७ मध्ये हे तार नियमावलीत नियम ४१९-अ म्हणून आले. १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले, तरी सांगाडा तोच आहे.

आता या सांगाड्यातली भोके पाहा. पुनर्विलोकन समितीत सगळे सचिव. न्यायाधीश एकही नाही. सचिवाने दिलेला आदेश सचिवांनीच तपासायचा. माहिती अधिकारात २०१३ च्या सुमारास बाहेर आले की एकटे केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होते. समिती बसणार दोन महिन्यांनी एकदा. म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश! न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हे काम अशक्य कोटीतले असल्याचे नमूद केले. सर्वांत मोठे भोक वेगळेच आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कधी कळवायचे नाही. अमेरिकेत साध्या फौजदारी तपासातले टॅपिंग संपल्यावर साधारणपणे नव्वद दिवसांत त्या माणसाला नोटीस द्यावी लागते; आपल्याकडे ती सोय नाही. उलट सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करण्याची सोय आहे.

म्हणून जे लोक नेत्यांना तोऱ्यात विचारतात, “पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा,” त्यांच्याशीही आम्ही सहमत नाही. जो पुरावा सरकारच्या कपाटात आहे आणि सहा महिन्यांनी जाळला जातो तो नागरिकाने आणावा कुठून? जुन्या पुरावा कायद्याचे कलम १०६ सांगत होते की जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. नव्या साक्ष्य अधिनियमातही हा आशय कायम आहे. न्याय म्हणून पाहिले तर ‘टॅप केले नाही’ असे शपथेवर सांगण्याचा भार सरकारवर यायला हवा. सिद्ध न झालेला आरोप म्हणजे खोटा आरोप नव्हे. पण तो खराही नव्हे. तो फक्त उघडा पडलेला प्रश्न आहे, आणि आमची तक्रार ही की नेते तो प्रश्न न्यायालयापर्यंत नेत नाहीत, मैदानातच वाजवून टाकून देतात.

२००६ चे अमर सिंह प्रकरण आठवा. ‘सरकारने माझे फोन टॅप केले, सत्ताधारी काँग्रेसच्या सांगण्यावरून केले,’ असा गदारोळ त्यांनी केला. तपासात निघाले काय? परवानगीची पत्रे बनावट होती. खासगी टोळीने पोलिसांच्या व गृहखात्याच्या नावाने चुकांनी भरलेली खोटी पत्रे टेलिफोन कंपनीला दिली आणि कंपनीने ती डोळे झाकून मानली. फोन ऐकले गेले हे खरे, सरकारने ऐकले हे नव्हे. पाच वर्षांनी अमर सिंहांनी काँग्रेसवरचा आरोप मागे घेतला, आणि ११ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वस्तुस्थिती दडवल्याचा ठपका ठेवून त्यांची याचिका फेटाळली. तोवर खरा मुद्दा, म्हणजे कोणीही बनावट पत्र देऊन कोणाचाही फोन ऐकू शकतो हा, बाजूला पडला होता. तो तुमच्या-आमच्या कामाचा मुद्दा होता.

महाराष्ट्रात तर जुलै २०२१ मध्ये एकाच नेत्याच्या बाबतीत दोन्ही प्रकार घडले. काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी लोणावळ्याच्या मेळाव्यात सांगितले की आपल्या हालचालींचा अहवाल रोज वर जातो. सरकार तेव्हा त्यांच्याच आघाडीचे! मित्रपक्षांनी भुवया उंचावल्यावर सारवासारव झाली, विषय संपला. त्याच सुमारास त्यांनी विधानसभेत दुसरी गोष्ट मांडली: २०१६-१७ मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या भलत्याच नावाखाली टॅप झाला. इथे नाव होते, काळ होता. सरकारने समिती नेमली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. पुढे सत्ता बदलली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते प्रकरण रद्द झाले, हा भाग निराळा. त्या अधिकाऱ्यावरचा दोष सिद्ध झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्या आरोपाला कागद होता तो न्यायालयाच्या पायरीपर्यंत तरी चढला. आमच्या मनात मात्र एक प्रश्न राहतो. खासदाराचा फोन खोट्या नावाखाली ऐकता येतो असे ज्या राज्यात कागदोपत्री नोंदले गेले, तिथे आमच्या तालुका कार्यकर्त्याला कोणते नाव दिले जात असेल?

पेगॅससचे तर सर्वांना माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी मिळून यादी छापली. भारतातले तीनशेच्या आसपास क्रमांक त्यात असल्याचे सांगितले गेले. २७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की सरकारला मोकळे रान मिळत नाही असे बजावले. जानेवारी २०२२ मध्ये समितीने जाहीर आवाहन केले: ज्यांना संशय आहे त्यांनी फोन तपासायला द्या. अखेरीस तपासले गेले किती? एकोणतीस. त्यांपैकी पाचांत काही ना काही घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅसस आहे असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे २५ ऑगस्ट २०२२ ला सरन्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात सांगितले. सरकारचे असहकार्य निंद्यच आहे. ‘आम्ही हे सॉफ्टवेअर घेतले’ किंवा ‘घेतले नाही’ एवढे एक वाक्य शपथेवर लिहायला त्याला काय अडचण होती? पण संसद बंद पाडण्याएवढी नेतेमंडळी ज्या देशात या विषयावर उभी राहिली, तिथे समितीकडे एकूण एकोणतीसच फोन जावेत?

२०२३ च्या आरंभी राहुल गांधींनी केंब्रिज विद्यापीठात सांगितले की आपल्या फोनमध्ये पेगॅसस होते. जनतेपुढे पुरावा आला नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला विरोधी पक्षांच्या अनेक खासदार-नेत्यांना ॲपल कंपनीचा इशारा आला की सरकार-पुरस्कृत हल्लेखोर तुमच्या फोनवर असू शकतात. कंपनीने लगेच जोडले की कोणत्याही एका देशाचे नाव आपण घेत नाही आणि काही इशारे चुकीचेही असू शकतात. दुपारपर्यंत मात्र पत्रकार परिषदांत गुन्हेगाराचे नाव ठरून गेले होते. सरकारी पक्षाला काय, एवढेच हवे होते. ‘बघा, कंपनीसुद्धा नाव घेत नाही’ म्हणून त्यांनी सगळे प्रकरणच हसण्यावारी नेले.

या हसण्याचा खरा मार कोणाला बसतो? २०१९ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने जाहीर केले की पेगॅससच्या साहाय्याने जगातले सुमारे चौदाशे वापरकर्ते लक्ष्य झाले. त्यांत भारतातले वकील होते, दलित-आदिवासींचे खटले चालवणारे कार्यकर्ते होते, आमच्या विदर्भातले लोक होते. त्यांनी मैदानात फोन नाचवला नाही. पत्र लिहिले, तांत्रिक तपासणी करून घेतली. भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले की बाहेरून घुसखोरी करून त्यात कागदपत्रे पेरली गेली. तपास यंत्रणेला तो अहवाल मान्य नाही, आणि त्यावर साक्षीपुरावा होऊन निकाल लागलेला नाही. पण ती माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२०, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, शरणागती पत्करली. जामिनावर बाहेर यायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. फादर स्टॅन स्वामी आलेच नाहीत. ज्यांच्या हाती तपासता येईल असा अहवाल आहे त्यांच्याही तोंडावर लोक म्हणतात, “हे सगळे पुढारी असंच बोलतात हो!” हे वाक्य न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही स्वतः ऐकले आहे, आणि एका सुशिक्षित माणसाच्या तोंडून. लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाच्या गोष्टीत नुकसान मेंढ्यांचे झाले होते.

व्हॉट्सॲप कंपनी अमेरिकेतल्या न्यायालयात गेली, कागद मांडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने पेगॅसस बनवणाऱ्या एनएसओ कंपनीला जबाबदार ठरवले. आपल्याकडेही ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता यांपैकी काहीच तिथे नव्हते. तो माणूस पैसेवाला होता, आमचा नव्हे. पण निकाल आमचाही आहे. किती वकिलांनी तो आपल्या कार्यकर्त्यांसाठी वापरला? आम्हीही अजून वापरलेला नाही, ही कबुली देतो.

आणि आम्हाला तर हा विषय नवा नसावा. बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेच्या समितीला दिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहून ठेवला होता. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. ही तरतूद फौजदारी संहितेत आहेच, पण व्यक्तिस्वातंत्र्यासाठी ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती अखेर मतदानात टिकली नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, आणि त्या निकालात या इतिहासाची दखल आहे. ज्यांच्या वस्तीत पोलीस दार न वाजवता शिरतो, ज्यांची पत्र्याची पेटी रस्त्यावर उपडी केली जाते, त्यांच्यासाठी हा हक्क किती मोलाचा आहे हे बाबासाहेबांना सांगायला कोणत्या कंपनीचा इशारा लागला नव्हता.

तर तो पोरगा. त्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. त्याला म्हटले, “बाळा, मोर्चाचं कुठे ठरलं?” म्हणाला, व्हॉट्सॲपच्या गटावर. “गटात किती जण?” दोनशे अकरा. फोन हातात घेऊन नावे खाली सरकवत गेलो. एकशे चाळिसाव्या की पन्नासाव्या नावाशी तो हवालदार! तिसऱ्या रांगेतला, आडनाव विचारणारा. जयंतीच्या बंदोबस्तात सोयीचे पडते म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्याच कोणीतरी त्याला घेतले होते. पोरगा खजील झाला. आम्ही म्हटले, “लाजू नकोस. तुझ्यावर पाळत आहेच. फक्त ती तारेतून येत नाही.”

कारण दुसऱ्याच आठवड्यात त्याने खिशातून एक कागद काढला. एका खासगी बँकेत त्याची निवड झाली होती आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. तो मिळाला नाही. कारण विचारले तर तोंडी उत्तर: ‘वरून शेरा आहे.’ गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही; शेरा आहे. हाच तो आमच्या कामाचा कागद. लेखी कारण द्या असा अर्ज केला. उत्तर नाही. माहिती अधिकारात शेऱ्याची प्रत मागितली. कलम ८ दाखवून नकार. पहिले अपील केले. सोबत कायदेशीर नोटीस धाडली की नोंदलेला गुन्हा नसताना दाखला कोणत्या अधिकारात अडवला ते कळवा, अन्यथा उच्च न्यायालयात यावे लागेल. सात महिने गेले. आठव्या महिन्यात एके दिवशी दाखला आला, बिनशेऱ्याचा, ‘प्रतिकूल नोंद नाही’ असा. बँकेची जागा तोवर भरली होती. पोरगा आता एका पतसंस्थेत आहे, पगार निम्मा.

मोठ्या साहेबांना आम्ही हे प्रकरण सांगितले होते. त्यांनी कळवळून ऐकले आणि पुढच्या सभेत यावर बोलतो म्हणाले. पुढच्या सभेत ते स्वतःच्या फोनबद्दल बोलले.

तो शेरा कोणी लिहिला, कधी लिहिला, त्यात काय होते आणि तो आता कोणत्या कपाटात आहे, हे अजून कळलेले नाही. माहिती आयोगापुढे दुसरे अपील पडून आहे. सुनावणीची तारीख लागलेली नाही.